वीस फुटी पाइप आणि पंधरा फुटांवरची तार



मोटार जळाली की बोअरवर चार माणसं जमतात. तिपाई उभी राहते, कप्पीची साखळी ओढली जाते आणि लोखंडी पाइप एकेक करून वर येतो. सगळ्यांचं लक्ष खाली, बोअरच्या तोंडाकडे. वर कोणी बघत नाही. घात तिथेच होतो.

हिशेब साधा आहे. पाइपाची एक लांबी २० फुटांची. शेतातून जाणारी ११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे १५ फूट उंच असावी, असं सरकारचाच नियम सांगतो. म्हणजे तार नियमात बसत असली तरी उभा पाइप तिला गाठतोच. आपल्याकडे तर खांब कललेले आणि तारांना झोळ पडलेला. तारा ताणून घेणं हे वीज कंपनीचं काम. त्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, भांडा. पण तोवर पाइप आडवा ठेवणं आपल्या हातात आहे.

पाइप दोघांनी दोन टोकांना धरून आडवाच न्यावा. एकट्याने खांद्यावर घेतला की एक टोक आभाळात जातं. तारेखाली पाइपांची थप्पी नको, नवा बोअरही नको. जुना बोअर तारेखालीच असेल तर लाइनमनकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय कप्पीला हात लावू नये. डीपीवरचा फ्यूज काढून ११ हजारांची तार बंद होत नाही. प्लॅस्टिकचा पाइप म्हणूनही निर्धास्त राहू नये. ओला, पाण्याने भरलेला असेल तर तोही जीव घेतो. थप्पी सपाट जागी, दोन्ही बाजूंना खुंट ठोकून, लेकरांच्या खेळण्यापासून दूर लावावी. पीव्हीसी पाइप सावलीत ठेवावा. उन्हाने तो ठिसूळ होतो.

आणखी एक. अपघातात शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. पण ही योजना खातेदार आणि त्याच्या घरातलं एक माणूस यांच्यापुरती. पाइपाचं दुसरं टोक धरणारा भूमिहीन गडी तिच्यात बसत नाही. त्याच्या घरी जाऊन आपण काय सांगणार?

घामाचं दाम आपण मागतो. मग आपल्या रानात घाम गाळणाऱ्याचा जीव सांभाळणं हे आपलंच काम. पाइप उचलण्याआधी एकदा वर बघा.