पाच टक्के आणि अडीच वर्षं

उद्धव ठाकरेंवर काही लिहिलं की दोन्हीकडून शिव्या बसतात, हे अनुभवाने माहीत आहे. तरी लिहितोय. भक्तांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत आणि शिवसैनिकांनी लगेच अनफ्रेंड करू नये. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मुद्दा एकच आहे. मुस्लिमांना शिक्षणात ५ टक्के आरक्षण. आज कुणी या विषयावर बोलत नाही, ज्यांनी बोलायला हवं तेसुद्धा नाही.

आधी थोडी उजळणी करू. २००८ साली राज्य सरकारने महमूदुर रहमान समिती नेमली. २०१३ मध्ये तिचा अहवाल आला. शिक्षण, नोकरी, घर, बँकेचं कर्ज, कुठेही बघा, मुस्लिम समाज मागे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिम ११.५४ टक्के आहेत. आता आपल्याच तालुक्याच्या कचेरीत, पोलिस ठाण्यात, बँकेत जाऊन मोजा. मग गॅरेज, वेल्डिंगची दुकानं आणि फळांचे गाडे मोजा. अहवाल वाचायची गरज पडणार नाही.

जुलै २०१४ मध्ये पृथ्वीराज चव्हाण सरकारने अध्यादेश काढला. मराठा समाजाला १६ टक्के, मुस्लिमांमधल्या ५० मागास गटांना ५ टक्के. निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे हेतूबद्दल शंका घ्यायला जागा आहेच. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांच्या नोकरीतल्या आरक्षणालाही दिली. शिक्षणातलं ५ टक्के मात्र चालू ठेवायला परवानगी दिली. कोर्टाने दार उघडं ठेवलं होतं. सरकारने फक्त कायदा करायचा होता.

तोवर फडणवीसांचं सरकार आलं होतं. त्यांनी अध्यादेश संपू दिला आणि मार्च २०१५ मध्ये जीआर काढून विषय बंद केला. त्यांच्याबद्दल माझी निराशा नाही. धर्माच्या आधारावर आरक्षण नको, ही त्यांची भूमिका जाहीर होती. ज्याच्याकडून अपेक्षाच नव्हती, त्याच्यावर रुसायचं कशाला?

अपेक्षा होती ती पुढच्या सरकारकडून.

नोव्हेंबर २०१९. महाविकास आघाडी. किमान समान कार्यक्रमात धर्मनिरपेक्ष मूल्यांचा उल्लेख आला. नागपूरच्या अधिवेशनात उद्धवजींनी धर्म आणि राजकारण यांची सरमिसळ केली ही चूक झाली, अशी कबुली दिली. आता लक्षात घ्या, हे कोण बोलत होतं? १९९२-९३ च्या दंगलींवरच्या श्रीकृष्ण आयोगाने ज्या पक्षावर ठपका ठेवला, त्या पक्षाचा प्रमुख. महाराष्ट्रातल्या मुस्लिमांनी हा माणूस स्वीकारला. ही साधी गोष्ट नव्हती. त्यासाठी या समाजाला बरंच काही गिळावं लागलं. राजकारणातली तडजोड म्हणतात ती सगळ्यात आधी त्यांनी केली.

बदल्यात काय मिळालं?

फेब्रुवारी २०२० मध्ये नवाब मलिकांनी विधान परिषदेत सांगितलं की शिक्षणातल्या ५ टक्के आरक्षणाचा कायदा करू. चारच दिवसांत मुख्यमंत्री म्हणाले, असा प्रस्ताव माझ्याकडे आलेला नाही. प्रस्ताव नंतरही आला नाही. विधेयक तर नाहीच.

कुणी म्हणेल, कोरोना होता. होता ना, मान्य. त्या काळात मुख्यमंत्री म्हणून त्यांनी जो धीर दिला, तो मी त्यावेळी लिहिलाही आहे. कुणी म्हणेल, ५० टक्क्यांची मर्यादा होती. खरं आहे. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षण त्याच मुद्द्यावर रद्द केलं. पण त्यानंतर महिन्याभरात हेच मुख्यमंत्री त्यासाठी दिल्लीला जाऊन पंतप्रधानांना भेटले. बरोबरच केलं. मग ५ टक्क्यांसाठी एक पत्र, एक बैठक, सभागृहात एक निवेदन, एवढं तरी? कायदेशीर अडचण दोन्हीकडे सारखीच होती. एका अडचणीशी सरकार लढलं, दुसरीच्या आड लपलं.

आणि शेवटचा दिवस आठवा. २९ जून २०२२. सरकार पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराला मंजुरी दिली गेली. नामांतर योग्य की अयोग्य, तो वाद आज इथे नको. मला एवढंच दिसतं की जाता जाता सही करायला वेळ होता. कुठल्या कागदावर करायची ते ठरवलेलं होतं. आणि काँग्रेस-राष्ट्रवादीचे मंत्री त्या बैठकीत होते, त्यांनीही हात वर करून मोकळं होऊ नये.

हे एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला लोकसभेत पाठिंबा, राज्यसभेत सभात्याग. २०२४ च्या लोकसभेला ४८ जागांवर आघाडीचा एकही मुस्लिम उमेदवार नाही, नसीम खान यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली तरी नाही. वक्फ विधेयक ऑगस्ट २०२४ मध्ये आलं तेव्हा ठाकरेंचे खासदार सभागृहात नव्हते. मातोश्रीबाहेर आंदोलन झालं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी विधेयकाविरुद्ध मतदान केलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. वर्सोव्यातून हारून खान यांना उमेदवारी दिली, ते निवडूनही आले. तेही मांडलं पाहिजे. पण ६ डिसेंबर आला की बाबरीची पोस्टही त्यांच्याच माणसाकडून येते आणि समाजवादी पक्ष आघाडीतून बाहेर पडतो.

तीन पक्षांचं सरकार चालवायचं तर तडजोड करावीच लागते, एवढं राजकारण मलाही कळतं. प्रश्न असा आहे की दर वेळी तडजोडीचा खर्च एकाच घराच्या खात्यावर का पडतो? "आम्ही नसलो तर ते येतील" ही भीती दाखवून मतं मिळतात, २०२४ ला मिळालीच. मानखुर्द-शिवाजीनगरने दिलेली आघाडी आठवा. पण भीतीवर पोराची फी भरली जात नाही.

आणि मागणी तरी केवढी? साठ जागांचा डिप्लोमाचा वर्ग असेल तर त्यात ५ टक्के म्हणजे तीन जागा. तीन! त्यात दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळवून घरी बसलेली आपल्या गल्लीतली एखादी मुलगी असेल.

उद्धवजी कठोर भूमिका घेऊ शकत नाहीत असं नाही. हिंदी सक्तीवर ते रस्त्यावर उतरायला निघाले आणि सरकारला जीआर मागे घ्यावा लागला. म्हणजे जमतं. इच्छा असली की जमतं.

आता गावात मत मागायला कुणीही येवो, मशाल असो, पंजा असो, तुतारी असो, इफ्तारचे फोटो बाजूला ठेवून एकच विचारा: शिक्षणातले ५ टक्के जाहीरनाम्यात लिहिणार का? आणि मुस्लिम मोहल्ल्यातल्या बैठकीत नाही, बाजारपेठेतल्या जाहीर सभेत, सगळ्यांसमोर, माईकवर बोलणार का?

पटलं नाही तर जरूर लिहा, उत्तर देईन. शिवीगाळ केली तर मात्र कमेंट उडवेन.