बर्गर, वीस डॉलर आणि आमचा हिशोब

गेल्या शनिवारी क्रिकेट खेळून आम्ही तिघं नेहमीच्या बर्गरच्या दुकानात शिरलो. (नेहमीच्या म्हणजे इथे सनीवेलमध्ये, घराजवळच्या. नाव सांगत नाही, उगाच कशाला!) तीन बर्गर, तीन फ्राईज, दोन कोक, एक शेक. बिल झालं ४४ डॉलर आणि वर काही चिल्लर. बसून खायचं रेस्टॉरंट नाही, वेटर नाही, ट्रे आपणच उचलायचा, कचराही आपणच टाकायचा, आणि ४४ डॉलर!

आमचा एक मित्र आहे, पुण्याचाच, माझ्याहून दोन वर्षांनी सीनियर. पावती बघून तो काउंटरकडे हात करत म्हणाला, "द्या! अजून द्या ताशी वीस डॉलर! मग बर्गर असाच महागणार." तिसऱ्याने मान डोलावली. मीही डोलावली असती कदाचित, पण काउंटरवर ज्या बाई उभ्या होत्या त्यांना मी ओळखतो. त्यांना मराठी येत नाही म्हणून बरं. आम्ही आपापसात त्यांना मावशी म्हणतो. त्यांच्याबद्दल पुढे सांगतोच.

घरी आलो, आंघोळ केली, आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. खरंच पगारामुळे बर्गर महागला का? इंजिनियर माणूस, वीकांत मोकळा... बसलो हिशोब करायला.

जे कॅलिफोर्नियात राहत नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १ एप्रिल २०२४ पासून (तारीख खरीच आहे, थट्टा नाही) इथे फास्ट फूडच्या कामगारांना ताशी किमान २० डॉलर द्यावे लागतात. सगळ्या हॉटेलांना नाही हं, ज्या साखळीची देशभरात ६० किंवा जास्त दुकानं आहेत तिलाच. राज्याचं सर्वसाधारण किमान वेतन तेव्हा १६ डॉलर होतं. त्याआधी २०२२ साली एक कायदा झाला होता, त्यात २२ डॉलरपर्यंत जायची तरतूद होती. मोठ्या कंपन्यांनी सह्या गोळा करून तो जनमत चाचणीच्या दारात नेऊन अडवला आणि मग २०२३ मध्ये तडजोड झाली ती ही वीस डॉलरची. या कायद्यात एक भारी पळवाट आहे. जे दुकान स्वतः पाव भाजतं आणि तो नुसता पाव म्हणूनही विकतं, त्याला सूट! म्हणजे आपला वडेवाला जर १५ सप्टेंबर २०२३ ला आधीच पाव स्वतः भाजून सुटा विकत असता (आणि पुढेही विकत राहिला असता) तर त्याला कायदा लागू झाला नसता. यावरून २०२४ च्या सुरुवातीला बराच गदारोळही झाला होता. असो.

तर हिशोब. फास्ट फूडच्या धंद्यात विक्रीच्या साधारण पाव ते तीस टक्के पैसे पगारावर जातात. आपण तीस धरू. मित्राच्या बाजूने जास्तीत जास्त झुकतं माप! बारा डॉलरचं मील असेल तर त्यात पगाराचे ३ डॉलर ६० सेंट. आता १६ चे २० म्हणजे २५ टक्के वाढ. ३.६० चे २५ टक्के किती? ९० सेंट. म्हणजे मालकाने एक पैसाही स्वतःच्या खिशातून न घालता सगळी वाढ गिऱ्हाइकाच्या माथी मारली, तरी बारा डॉलरचं मील १२.९० ला यायला हवं. साडेसात टक्के. चिपोट्लेने एप्रिल २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातले भाव सहा-सात टक्क्यांनी वाढवले होते, म्हणजे गणित फारसं चुकत नाहीये.

आणि गंमत पुढे आहे. सनीवेलचं स्वतःचं किमान वेतन २०२४ मध्ये आधीच १८.५५ डॉलर होतं! म्हणजे आमच्या या दुकानात वाढ २५ टक्के नाहीच, पावणेआठ टक्के. बारा डॉलरच्या मीलवर होतात २८ सेंट. मुकादमाचा, मॅनेजरचा पगारही थोडा वर सरकवावा लागतो, म्हणून चला, ४० सेंट म्हणा. तिघांचे मिळून सव्वा डॉलर. आमचं ४४ डॉलरचं बिल सव्वा डॉलरने ४४ झालं नव्हतं.

मित्राला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "तुझं एक्सेल तुझ्यापाशी ठेव, भाव वाढलेत की नाही?" वाढलेत ना! पण कधी वाढले ते बघायला नको? मॅकडोनल्ड्सच्या अमेरिकेतल्या प्रमुखाने मे २०२४ मध्ये एक खुलं पत्र लिहिलं होतं. लोक फार ओरडायला लागले होते म्हणून. त्यात कंपनीने स्वतःच आकडे दिले. देशभरातली सरासरी धरली तर बिग मॅक २०१९ ला ४.३९ डॉलर, २०२४ ला ५.२९. दहा नगेट्सचं मील ७.१९ वरून ९.१९. म्हणजे अठ्ठावीस टक्के. ही वाढ पाच वर्षांतली आणि अख्ख्या देशातली. कॅलिफोर्नियाचा कायदा त्या पत्राआधी जेमतेम दोन महिने लागू झालेला. टेक्सासमध्ये तर आजही केंद्राचंच किमान वेतन चालतं, ७ डॉलर २५ सेंट, जे जुलै २००९ पासून हललेलं नाही. २००९ साली मी प्राथमिक शाळेत होतो! तिथेही बर्गर महागलाच.

आता इथे मित्राच्या बाजूचा एक मुद्दा मान्य करायला हवा, नाहीतर हिशोब खोटा होईल. कोविडनंतर २०२१-२२ मध्ये माणसंच मिळत नव्हती, प्रत्येक दुकानाच्या दारावर 'कामगार पाहिजेत' चे बोर्ड होते. तेव्हा कायद्याने नाही तर बाजाराने पगार वाढले, टेक्सासमध्येसुद्धा. ७.२५ वर तिथेही कोणी तयार होत नव्हतं. तेव्हा पगाराचा वाटा शून्य आहे असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की तो मोजता येतो, आणि मोजला की तो ओरडण्याच्या मानाने फार लहान निघतो.

मग बाकीचं कुठून आलं? गोमांसाचं घ्या. दुष्काळामुळे आणि चाऱ्याच्या भावामुळे इथल्या शेतकऱ्यांनी जनावरं कमी केली. जानेवारी २०२५ ला देशात ८ कोटी ६७ लाख गुरं होती, १९५१ नंतरची सर्वात कमी. त्याच वर्षी उन्हाळ्यात खिम्याचा भाव पौंडाला सहा डॉलरच्या वर गेला. मग दुकानाचं भाडं, वीज, कागद, कार्डावर जाणारं कमिशन (ते मला चांगलं माहीत आहे, पोटापाण्यासाठी मी दुकानांच्या बिलिंगचंच सॉफ्टवेअर लिहितो).

आणि मूळ कंपनीचा वाटा. मॅकडोनल्ड्सची जवळपास ९५ टक्के दुकानं कंपनीची नाहीतच, फ्रँचायझीवाल्यांची आहेत. पगार तो फ्रँचायझीवाला देतो. कंपनी घेते भाडं आणि विक्रीवर टक्केवारी. लक्षात घ्या, विक्रीवर, नफ्यावर नाही. ती टक्केवारी नव्या दुकानांसाठी २०२४ पासून चारची पाच झाली. २०२३ साली कंपनीचा निव्वळ नफा साधारण साडेआठ अब्ज डॉलर होता. पाच टक्क्यांबद्दल आमच्या टेबलावर कोणी चकार शब्द काढला नाही, कारण ते कोणाला दिसतच नाहीत. सात-आठ टक्क्यांवर बोललो, कारण त्या समोर ॲप्रन घालून उभ्या होत्या.

पण मला सगळ्यात मोठा पुरावा वाटतो तो पाच डॉलरच्या मीलचा. लोकांनी येणं कमी केलं, २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीत मॅकडोनल्ड्सची अमेरिकेतली तुलनात्मक विक्री ०.७ टक्क्यांनी घटली, आणि २५ जून २०२४ ला त्यांनी देशभर पाच डॉलरचं मील आणलं. सँडविच, चार नगेट्स, फ्राईज, पेय. पगार कमी झाले होते का तेव्हा? नाही. बीफ स्वस्त झालं होतं? छे! फक्त गिऱ्हाईक उठून गेलं होतं. भाव खर्चाने खालून ढकलला जातो हे अर्ध सत्य, बाकीचं अर्ध म्हणजे तुम्ही-आम्ही किती मुकाट्याने देतो ते. आमच्याच पावतीवर बेकन १.९९, फ्राईज लार्ज १.४९, असं काय काय होतं. तिथल्या स्क्रीनने विचारलं आणि आम्ही 'हो' दाबलं. माणूस तिसऱ्यांदा विचारायला लाजतो, स्क्रीन लाजत नाही. हे मी खात्रीने सांगू शकतो कारण असे स्क्रीन मी बनवलेत.

हे नुसतं अमेरिकेचं नाही. पुण्यात आमच्या कॉलेजबाहेर एक गाडी आहे. २०१५ ला मी तिथे १० रुपयांना वडापाव खायचो, गेल्या खेपेला गेलो तर २० रुपये. काकांना विचारलं, "काका, डबल?" तर ते हिशोबच मांडायला लागले. सिलिंडर, बेसन, पाव, बटाटा आणि मुख्य म्हणजे तेल. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, मग एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. ती बंदी महिन्याभरात उठली, तेलही उतरलं, वडापाव काही उतरला नाही. (एकदा चढलेला भाव उतरवायची पद्धत आपल्याकडेही नाही!) काकांच्या यादीत तळणाऱ्या पोराचा पगार नव्हता. मी मुद्दाम विचारलं तर हसले. "त्याला काय, राहतो माझ्याकडेच, जेवतो माझ्याकडेच." वीस डॉलरचा कायदा नाही, आणि भाव दुप्पट.

अजून एक सांगतो, जरा टोचणारं आहे, मलासुद्धा. गेल्या तीन वर्षांत माझा पगार त्या बाईंच्या पगारापेक्षा जास्त टक्क्यांनी वाढला. आमच्या कंपनीने गिऱ्हाइकांची फीही वाढवली, आणि ती फी शेवटी बर्गरवरच पडते. पण 'इंजिनियरांना पगार द्या म्हणजे बर्गर महागेल' असं आजवर मला कोणी म्हटलेलं नाही.

आता मावशी. २०२४ च्या उन्हाळ्यात एकदा मी एकटाच गेलो होतो. गर्दी नव्हती. मी कंपनीचं नाव लिहिलेला टीशर्ट घातला होता, तो बघून त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाला ना? माझा फोन बघ, बिघडलाय." फोनमध्ये शिफ्टचं ॲप होतं. त्यांचं म्हणणं, पुढच्या आठवड्याचे तास नीट दिसत नाहीयेत, अर्धेच दिसताहेत. मी ॲप बंद करून चालू केलं, लॉगआउट करून परत लॉगिन केलं, जे आपण सगळे करतो ते सगळं केलं. ॲप ठीक होतं. आधी ३२ तास मिळायचे, आता २४ च लावले होते.

घरी येऊन गुणाकार केला. ३२ गुणिले १८.५५ म्हणजे ५९३ डॉलर ६० सेंट. २४ गुणिले २० म्हणजे ४८०. पगारवाढ झाल्यावर आठवड्याला ११३ डॉलर कमी! आणि ते काउंटरशेजारचे दोन नवे स्क्रीन त्याच महिन्यात बसले होते. आमच्या कंपनीचे नव्हते, पण असू शकले असते.

एका बाईंच्या अनुभवावरून कायदा तोलता येत नाही हे मला कळतं. अभ्यासकांचंही एकमत नाही. बर्कली विद्यापीठातल्या मायकेल राइक आणि डेनिस सोसिन्स्की यांनी २०२४ मध्ये मांडलं की पगार १८ टक्क्यांनी वाढले, भाव ३.७ टक्क्यांनी, चार डॉलरच्या बर्गरमागे १५ सेंट, आणि नोकऱ्या घटल्या नाहीत. २०२५ मध्ये जेफ्री क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं की जवळपास १८ हजार नोकऱ्या गेल्या. हे भांडण जुनंच. १९९२ साली न्यू जर्सीने किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ केलं तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करायला चारशेवर फास्ट फूडची दुकानं तपासली. नोकऱ्या घटलेल्या त्यांना दिसल्या नाहीत. त्यावर तेव्हाही रण माजलं, आणि कार्डना २०२१ ला नोबेल मिळालं तरी ते संपलेलं नाही.

पण बघा, हे दोन्ही अभ्यासक नोकऱ्यांवरून भांडतात. बर्गर पगारामुळे आभाळाला भिडला असं त्यांच्या आकड्यांत मला कुठेही सापडलं नाही. कायद्याची किंमत मोजलीच असेल कोणी, तर मावशींसारख्यांनी तासांमध्ये मोजली असेल, आपण बिलामध्ये नाही. म्हणून माझं मत विचाराल तर वीस डॉलर चूक नव्हते, पण तासांची काहीच हमी न देता नुसता ताशी दर लिहिणं हे अर्धवट काम होतं. आमच्या हापिसात असा कोड रिव्ह्यूमध्ये परत आला असता.

परवा मित्राला हे सगळं ऐकवलं. गणित पटलं त्याला, पण तो म्हणाला, "मग त्या दुसरीकडे का जात नाहीत?" गेल्यात. आता त्या दोन दुकानांत काम करतात, इथे मंगळवार, गुरुवार, शनिवार, आणि बाकीचे दिवस एल कॅमिनोवरच्या एका टॅकोवाल्याकडे. त्याची फक्त दोन दुकानं आहेत, म्हणून तिथे वीस डॉलरचा कायदा लागू नाही. तास मात्र पूर्ण मिळतात.