गोरखचिंच कोणी आणली?

मांडूच्या वाटेवर फुगीर बुंध्याचे जे प्रचंड वृक्ष दिसतात, त्यांना तिकडे ‘खुरासानी इमली’ म्हणतात. खुरासान म्हणजे इराण-अफगाणिस्तानकडचा मुलूख, आणि तेथे हा वृक्ष उगवतच नाही. मराठीने त्याला गोरखचिंच म्हटले आणि नाथपंथाच्या खात्यावर जमा केले. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर गावी तोच वृक्ष ‘पारिजात’ या नावाने महाभारताच्या कथेत शिरला. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात तो ‘हातियाँ का झाड’ आहे, तर कर्नाटकात सावनूरला त्याच्यामुळे एका मठाचे नाव ‘दोड्डहुणसे’, म्हणजे थोरली चिंच, असे पडले.

वास्तविक चिंचेशी त्याचे साम्य फळातील आंबट गरापुरतेच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी तो काटेसावरीच्या गोतातला आफ्रिकी बाओबाब. या पाच नावांपैकी एकातही आफ्रिकेचा उल्लेख नाही. ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

आधी वृक्षाचे कुळ पाहू. बाओबाबच्या आठ जाती आहेत. सहा केवळ मादागास्करमध्ये, एक आफ्रिका खंडात, एक ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात. गोंडवन हे महाखंड फुटले तेव्हा हे कुळ विखुरले, असा एक जुना तर्क होता. तो टिकत नाही, कारण ही भूखंडे बाओबाब जन्माला येण्याच्या कितीतरी कोटी वर्षे आधीच विलग झाली होती. मे २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आठही जातींच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार या कुळाचा उगम सुमारे २ कोटी १० लाख वर्षांपूर्वी मादागास्करमध्ये झाला, आणि पुढे सागरी प्रवाहांवर तरंगत बिया आफ्रिका व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांना लागल्या. वाटेत जातींमध्ये परस्पर संकरही झाले. आफ्रिकी जातीचे एक वेगळेपण असे की, इतर सात जातींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, हिच्यात चार. भारतात मात्र मूळची जात एकही नाही. येथे आढळते ती आफ्रिकी जातच.

ती येथे आली कशी? ‘अरब व्यापाऱ्यांनी आणली’ हे वाक्य पर्यटन-पुस्तिकांपासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वत्र इतक्या सहजतेने लिहिले जाते, की त्याला पुरावा मागण्याची गरज कोणाला भासत नाही. २०१५ मध्ये ‘रॉयल सोसायटी ओपन सायन्स’मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने ही सहजता अडचणीत आणली. संशोधकांनी आफ्रिका, भारत, मॉरिशस-रियुनियन बेटे आणि मलेशिया येथील झाडांच्या डीएनएमधील दहा ठिकाणे तपासली. या ठिकाणी छोटे तुकडे पुनःपुन्हा येतात आणि त्यांची संख्या वंशानुसार बदलते. आग्नेय भारतातील झाडांचे नाते पश्चिम आफ्रिकेशी जुळले. हा मार्ग अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय वसाहतींचा. पश्चिम व मध्य भारतातील झाडांचा मात्र स्वतंत्र गट निघाला, आणि त्यांचे सर्वांत जवळचे आप्त सापडले मोंबासा ते दार-ए-सलाम या किनाऱ्यावर. म्हणजे वृक्ष एकदा नव्हे, अनेकदा आला, आणि पूर्वी मानले जात होते त्याहून दीर्घ काळ येत राहिला.

भारतीय झाडांत जनुकीय वैविध्य आफ्रिकेपेक्षा कमी आढळले. मूठभर बियांपासून वाढलेल्या वंशात तसे व्हायचेच. परंतु आफ्रिकेतील नमुन्यांत न सापडलेली काही जनुकरूपेही येथे मिळाली. ज्या झाडांची ही संतती, ती नमुन्यांबाहेर राहिली असावीत किंवा ताटातूट फार जुनी असावी.

जुनेपणाचा पुरावा दुसरीकडून आला. बाओबाबचे खोड बहुधा पोकळ असते, त्यामुळे वर्तुळे मोजून वय काढता येत नाही. २०२० मध्ये किंतूर आणि प्रयागराजजवळील झूंसी येथील झाडांचे रेडिओकार्बन वय प्रसिद्ध झाले: अनुक्रमे सुमारे ७७५ आणि ७७० वर्षे, दोन्हींत २५ वर्षे इकडेतिकडे. म्हणजे ही झाडे तेराव्या शतकातली. महाभारतकाळाचा दावा येथे संपतो, आणि ‘पोर्तुगीजांनी आणली’ हा दावाही, निदान या दोन झाडांपुरता. त्याच शतकात, १२३६ ते १२४०, रझिया सुलतानाच्या दरबारात याकूत हा हबशी अमीर होता. त्याने बी आणले असे म्हणणे ही कादंबरी होईल. पण दिल्लीच्या सत्तावर्तुळात आफ्रिकी माणसे होती, हा इतिहास आहे.

आणि पुढे तर ती दख्खनभर होती. मांडूच्या गियासशाहाने (१४६९–१५००) हबशी स्त्रियांचे पहारेकरी दल ठेवल्याचे फरिश्ता नोंदवतो. इथिओपियात जन्मून वारंवार विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सूत्रधार झाला, विजापुरात इखलासखान मंत्रिपदाला पोहोचला, जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत टिकले. हे झाले नावे उरलेले. ज्यांची नावे उरली नाहीत असे सैनिक, खलाशी, दाया आणि दासी यांची संख्या कितीतरी मोठी.

गलबत अरबाचे किंवा गुजराती सावकाराचे असेल. परंतु या फळाचे मोल कोणाला ठाऊक होते? त्याचा गर कवचातच वाळतो, टिकतो, पाण्यात कालवून पिता येतो. पाने भाजीला, साल दोराला. हे ज्ञान आफ्रिकी घरांतले. स्वतः आफ्रिकेतच याची खूण आहे. झांबेझीकाठी आणि किल्वा येथे वेगवेगळ्या जनुकीय गटांची झाडे एकत्र सापडतात. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकांत अंतर्भागातून बंदरांकडे हाकलल्या गेलेल्या गुलामांच्या तांड्यांशी हे मिश्रण जुळते, असे या संशोधकांनी सुचवले आहे. तांड्यात शिदोरी म्हणून फळ, आणि मुक्कामावर थुंकलेली बी: इतकी साधी ही प्रक्रिया असू शकते.

यावर रास्त आक्षेप असा की डीएनए किनारा दाखवतो, बी लावणारा हात दाखवत नाही. मान्य. पण मग तोच आक्षेप ‘अरब व्यापारी’ या उत्तरालाही लागू व्हायला हवा, आणि तो कधीच लावला जात नाही. जहाजाच्या मालकाला श्रेय देताना कागद मागायचा नाही, आणि जहाजातील गुलामाला देताना मात्र मागायचा, हा दुटप्पीपणा आहे. ज्यांना लिहू दिले गेले नाही त्यांच्याकडून दस्तऐवजाची अपेक्षा ठेवली, तर त्यांचा इतिहास कधीच सिद्ध होणार नाही.

किल्ल्यांच्या व दर्ग्यांच्या आवारातील या झाडांवर फलक लावायचाच असेल, तर अंदाजी वय आणि आख्यायिकेआधी पहिल्या ओळीत आफ्रिका लिहावी. दुसऱ्या ओळीत हबशी, सिद्दी ही नावे, ‘बहुधा’ या शब्दासह. गोरखनाथ आणि कुंती खाली येऊ शकतात. त्या कथांचाही या झाडांशी शतकांचा सहवास आहे.