मेलच्या सेटिंगला कोणी हात लावला, तर तुम्हाला कळतं का?



स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल घ्या, असं मी व्हिडिओत सारखं सांगत असतो. त्याच्या जोडीची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. ती मला स्वतःला ठेच लागल्यावर कळली.

माझी वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाने होस्टिंग बदललं. साइट झकास चालू होती, पण चार दिवस एकही मेल नाही. मला वाटलं, पोळ्याचे दिवस आहेत, लोक कामात असतील. पाचव्या दिवशी नागपूरहून फोन आला, "सर, बॅचसाठी मेल केला होता, तो परत आला. मग आम्ही दुसऱ्यांना बोलावलं." गेली बॅच!

झालं होतं एवढंच, की नेमसर्व्हर बदलताना एमएक्स रेकॉर्ड पुसलं गेलं. आपल्या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवर टाकायचे, हे जगाला सांगणारी ती नोंद. गंमत पुढे आहे. बदल झाल्याची सूचना डोमेन कंपनीने पाठवली होती. पण कुठे? त्याच बंद पडलेल्या पत्त्यावर!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अलर्ट लावणं हे निम्मं काम. तो दुसऱ्या दाराने यायला पाहिजे. डोमेनच्या खात्यात संपर्क म्हणून साधा जीमेल द्या, त्याच डोमेनवरचा पत्ता नको.

माझ्या बाबतीत चूक होती, पण चोर हेच मुद्दाम करतो. समजा, मोहर्लीजवळ तुमचा होमस्टे आहे. मेलमध्ये घुसलेला माणूस पासवर्ड बदलत नाही, नाहीतर तुम्ही लगेच जागे व्हाल. तो गुपचूप फॉरवर्डिंग लावतो, एक फिल्टर टाकतो आणि वाट बघतो. पर्यटकाने "अ‍ॅडव्हान्स कुठे भरू?" विचारलं की तो मेल तुमच्या इनबॉक्समध्ये दिसतच नाही. तुमच्याच पत्त्यावरून उत्तर जातं, खाते नंबर मात्र त्याचा. पाहुणा बॅगा घेऊन दारात उभा राहतो तेव्हा तुम्हाला कळतं.

गुगल वर्कस्पेस घेतलं असेल तर अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये 'रूल्स' उघडा. मेलची सेटिंग बदलल्याचा अलर्ट तिथे तयारच असतो, तो चालू आहे का आणि कोणाला जातो ते बघा. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये फॉरवर्डिंगचा नियम बनल्याचा अलर्ट असतो. साधा जीमेल असेल तर महिन्यातून एकदा कॉम्प्युटरवर बसून फॉरवर्डिंग आणि फिल्टर स्वतः तपासा. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ते दिसत नाही.

आणि रिकव्हरी नंबर! आपल्याकडे कितीतरी जणांचा ईमेल झेरॉक्सवाल्याने नाहीतर सेवा केंद्रातल्या पोराने काढून दिलेला असतो, नंबरही त्याचाच टाकलेला. तो माणूस चांगलाच असेल हो. पण धोक्याची घंटा त्याच्या खिशात वाजते, तुमच्या नाही. आजच बदला.

भामरागड, एटापल्लीकडच्या मित्रांनो, पावसाळ्यात तुमचं नेटवर्क दोन-दोन दिवस जातं हे मला माहीत आहे. तुम्ही अलर्टसाठी आणखी एक विश्वासू माणूस नेमा. चंद्रपूरला शिकणारी मुलगी, नागपूरचा भाऊ, कोणीही. अलर्ट आला की काय करायचं, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

"सर, माझा धंदा केवढासा, मला कोण लुटेल?" हा प्रश्न येणारच. मोठ्यांचं नुकसान पचतं. तुमचा एका सीझनचा अ‍ॅडव्हान्स गेला तर पुढच्या सीझनला भांडवल कुठून आणाल?

अलर्टने सगळं पकडलं जात नाही, हेही खरं. 2015 मध्ये ओएनजीसीच्या मेल पत्त्यात अक्षरांची किरकोळ उलटापालट करून कोणीतरी सौदी ग्राहकाला दुसरंच बँक खातं कळवलं. जवळपास 197 कोटींचा मामला, मुंबईत गुन्हा नोंदला गेला. तिथे बनावट पत्ता बाहेर तयार झाला होता, मग घरातली घंटा कशी वाजणार? म्हणून ग्राहकाला पहिल्याच मेलमध्ये लिहा, "आमचं बँक खातं मेलवरून कधीच बदलत नाही, शंका आली तर फोन करा."

तरीही पैसे गेलेच, तर लाजू नका, थांबू नका. लगेच 1930 ला फोन लावा, मग बँकेला.