सनी रॉलिन्स : सुरुवात कुठून करू नये

सनी रॉलिन्स कुठून ऐकायला घ्यावा, असे कुणी विचारले की जाणकार एका सुरात 'सॅक्सोफोन कलोसस' म्हणतात. आमचा या उत्तराला विरोध आहे. विरोध त्या तबकडीला नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण असे काही लिहिले की लगेच आमच्या कानांविषयी शंका घेतली जाते. २२ जून १९५६ रोजी न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे, रूडी व्हॅन गेल्डरने आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात थाटलेल्या ध्वनिमुद्रणगृहात ती मुद्रित झाली. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स आणि ड्रम्सवर मॅक्स रोच. रॉलिन्स तेव्हा पंचविशीत होता. विसाव्या शतकातल्या उत्तम ध्वनिमुद्रणांची कितीही लहान यादी केली तरी ती तबकडी तीत राहील. प्रश्न तिच्या थोरवीचा नाही. तिच्यापासून आरंभ केल्याने नवश्रोत्याचे काय होते, याचा आहे.

होते ते असे. ही तबकडी एकटी येत नाही, सोबत एक निबंध घेऊन येते. तीत शेवटी 'ब्लू ७' नावाची अकरा मिनिटांहून लांब रचना आहे. बारा बारांच्या ब्लूजच्या चौकटीत रॉलिन्स आणि त्याचे साथीदार तिथेच, उभ्या उभ्या, ती वाढवत नेतात. १९५८ साली 'द जॅझ रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात गुंथर शुलरने तिच्यावर एक लेख लिहिला आणि दाखवून दिले की आरंभीच्या लहानशा स्वराकृतीतूनच रॉलिन्स पुढचा सारा डोलारा उभा करतो; त्याच्या वादनात विषयसूत्राची एकात्मता आहे. लेख चांगलाच आहे. जॅझविषयी इतक्या बारकाईने तोवर फारसे लिहिले गेले नव्हते आणि शुलर स्वतः उत्तम संगीतकार होता. पण त्या दिवसापासून 'ब्लू ७' ऐकणारा प्रत्येक शहाणा माणूस ती रचना ऐकेनासा झाला आणि तीत शुलर शोधू लागला. खुद्द रॉलिन्सने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे, की तो लेख वाचून आपण बावचळलो, वाजवताना स्वतःकडेच पाहू लागलो, आणि यापुढे आपल्यावरचे लेखन वाचायचे नाही असे ठरवले. वादकाने जो लेख टाळला तो श्रोत्याच्या हाती पहिल्या दिवशीच का द्यावा, हे आम्हांला कळलेले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना हा निबंध फार रुचतो, आणि त्याचे कारण उघड आहे. एकात्मता, सूत्र, बीज आणि त्याचा विकास ही आपलीच परिभाषा. कविता हाती घेतली की आपण जे करतो तेच कुणीतरी सॅक्सोफोनचे केलेले दिसले, की परक्या गावात ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. मग आपण त्या माणसाशीच गप्पा मारत बसतो आणि गाव पाहायचे राहून जाते. मर्ढेकरांच्या कवितेआधी मर्ढेकरांवरचे लेख वाचून वर्गात आलेली मुले आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. 'दुर्बोधता' या विषयावर ती दोन पाने लिहू शकतात. कवितेतली एक ओळ मोठ्याने म्हणा म्हटले की कुठे थांबायचे ते त्यांना समजत नाही. 'ब्लू ७'पासून रॉलिन्सकडे जाणारा श्रोता नेमका या जातीचा तयार होतो.

दुसरा चुकीचा आरंभ आपल्याकडे विशेष लोकप्रिय आहे. तो म्हणजे पूल. १९५९ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, रॉलिन्सने जाहीर वादन थांबवले आणि १९६१पर्यंत तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास एकटा रियाज करत राहिला. घर लोअर ईस्ट साइडला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पूल. ही हकीकत खरी आहे आणि सुंदरही आहे, पण आपल्याकडे ती ऐकताच माणसे डोळे मिटतात. तपश्चर्या, एकांत, साधना! त्यात पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो भारतात येऊन मुंबईत पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहून गेला. १९७८च्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त मुंबईतच वाजवून गेला. झाले. एवढ्या भांडवलावर आपण त्याला योगी करून टाकले, आणि योग्याचे संगीत ऐकावे लागत नाही, त्याला नमस्कार केला की भागते.

या भाबडेपणाचा पुढचा टप्पा म्हणजे 'हे तर आपल्या रागविस्तारासारखेच आहे' हे वाक्य. आम्ही ते इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याला उत्तर देणे भाग आहे. राग ही स्वरांची, त्यांच्या चलनाची, विश्रांतीच्या जागांची एक व्यवस्था आहे. ती कुणा एकाच्या गाण्याची मिरास नाही. रॉलिन्स ज्याचा विस्तार करतो ते बहुतेक वेळा एक गाणे असते : कुणी एका संगीतकाराने, कुठल्या तरी नाटकासाठी किंवा चित्रपटासाठी, पैसे घेऊन बांधलेले. त्याला ठरावीक लांबीचे, बरेचदा बत्तीस बारांचे आवर्तन असते. त्या आवर्तनात कॉर्ड एकामागून एक बदलत जातात, आणि वादक त्या बदलत्या जमिनीवरून चालत असतो. षड्ज धरून बसलेल्या तंबोऱ्यासारखे काही खाली नसते. साम्य हवेच असेल तर आवर्तन आणि समेपुरते घ्यावे. तेवढे खरोखर उपयोगी पडते. त्यापलीकडे ओढले की दोन्ही संगीतांचे नुकसान होते.

तेव्हा आरंभ कुठून? आमचे उत्तर ऐकून काही जण नाराज होतील, हे आम्ही जाणतो. आरंभ 'वे आउट वेस्ट'पासून करावा, आणि तोही पहिल्या गाण्यापासून : 'आय अ‍ॅम अ‍ॅन ओल्ड काउहँड'.

७ मार्च १९५७. रॉलिन्स मॅक्स रोचच्या संचाबरोबर लॉस एंजेलिसला आलेला. रे ब्राउन (बास) आणि शेली मॅन (ड्रम्स) हे सर्वांत मागणी असलेले वादक, दिवसभर कामात गुंतलेले. म्हणून ध्वनिमुद्रण पहाटे तीनला ठेवले गेले. पियानो नाहीच. आणि वाजवायला घेतले काय, तर जॉनी मर्सरने लिहिलेले आणि १९३६च्या एका चित्रपटात बिंग क्रॉस्बीने गायिलेले विनोदी गाणे, ज्यातला 'काउबॉय' असा की त्याने आयुष्यात कधी गाय पाहिलेली नाही. शेली मॅन लाकडी ठोकळ्यांवर घोड्याच्या टापा वाजवू लागतो, टप टप टप, आणि त्या टापांवर रॉलिन्स दुलकीत ते गाणे आणतो. हसू येते. यावेच. तबकडीच्या वेष्टनावर विल्यम क्लॅक्स्टनने काढलेले छायाचित्र आहे : वाळवंट, गुराची कवटी, डोक्यावर काउबॉयची टोपी, कमरेला पट्टा, आणि बंदुकीच्या जागी सॅक्सोफोन धरून उभा असलेला हार्लेमचा काळा तरुण.

गंभीर माणसांना हे वेष्टन अडचणीचे वाटते. आम्हांला त्यात सगळा रॉलिन्स दिसतो. ज्या पडद्यावर गोऱ्या नायकांनीच घोडे दौडवायचे, त्या पडद्यासमोर बसून बालपणी ते चित्रपट आवडीने पाहिलेला हा मुलगा. मोठेपणी त्याने त्यांची टर उडवली असती तर ते सोपे होते, आणि त्यांना नाके मुरडली असती तर त्याहूनही सोपे. त्याने ते गाणे प्रेमाने वाजवले आणि वाजवता वाजवता आपले करून टाकले. थट्टा आणि ममत्व यांची ही सरमिसळ त्याच्या स्वरातच आहे : तो रुंद, किंचित खरखरीत, कधी मुद्दाम बोजड केलेला आवाज, एखादा स्वर लोंबकळत ठेवून मग अगदी उशिरा, पण नेमक्या ठोक्यावर टाकण्याची खोड. हे सगळे 'काउहँड'मध्ये पहिल्या दोन मिनिटांत कळते, कारण गाणे इतके साधे आहे की त्याचे काय केले जात आहे ते लपत नाही.

इथे एक व्यावहारिक सूचना करतो. आधी क्रॉस्बीचे गाणे तीनचार वेळा ऐकावे, इतके की ते आंघोळ करताना गुणगुणता यावे. मग रॉलिन्स लावावा, आणि तो मूळ चाल सोडून जाईल तेव्हा आपण ती मनात चालू ठेवावी. पियानो नसल्यामुळे कॉर्डची आठवण करून देणारे कुणी नाही. रे ब्राउनचा बास आणि आपण. पहिल्या दोन खेपांना आपण वाट चुकू. तिसऱ्या खेपेला कधीतरी रॉलिन्स गाण्याच्या एका ओळीकडे कोपऱ्यातून डोळा मारून पुढे जातो आणि ते आपल्याला कळते. शुलरच्या लेखातले सूत्र आणि बीज जे काही आहे ते हेच, फक्त आता ते आपल्या कानाने सापडलेले असते.

आमच्या या सूचनेवर एक आक्षेप नेहमी येतो : असल्या हलक्याफुलक्या गाण्यांतून थोर कलावंताची ओळख कशी व्हावी? या आक्षेपामागे जी अभिरुची आहे तिच्याशीच आमचे खरे भांडण आहे. बाजारू गाणे ही रॉलिन्सची मजबुरी होती आणि 'खरा' रॉलिन्स त्याच्या स्वतःच्या रचनांत आहे, असे ती गृहीत धरते. वस्तुस्थिती अशी की दोन वर्षे पुलावर घालवून परतल्यावर १९६२ साली त्याने 'द ब्रिज' ही तबकडी काढली. समीक्षक क्रांतीची वाट पाहत होते, आणि पहिले गाणे निघाले 'विदाउट अ सॉन्ग', १९२९च्या एका संगीतिकेतले. अनेकांचा विरस झाला. त्यांनी पुलाची गोष्ट ऐकली होती, गाणे ऐकले नव्हते.

याहून बोलके उदाहरण १९५८चे. 'फ्रीडम स्वीट' ही सुमारे एकोणीस मिनिटांची रचना, सोबत ऑस्कर पेटिफर्ड आणि मॅक्स रोच. वेष्टनावर रॉलिन्सने चार ओळींचे निवेदन दिले होते : अमेरिकेची भाषा, विनोद, संगीत काळ्यांच्या संस्कृतीवर पोसलेले, आणि त्याच काळ्यांना वाट्याला छळ. नागरी हक्कांच्या चळवळीचा तो काळ. पुढे हीच तबकडी पुन्हा बाजारात आली तेव्हा नाव बदलले गेले. ती झाली 'शॅडो वॉल्ट्झ'. आता गंमत पाहा. 'शॅडो वॉल्ट्झ' हे तिच्या दुसऱ्या बाजूवरच्या एका गाण्याचे नाव, कारण त्या बाजूवर पुन्हा सगळी नाटकांतली वगैरे गाणीच आहेत. एक तर नोएल कॉवर्डचे. विद्यापीठात ही तबकडी शिकवायची झाली तर पहिली बाजू अभ्यासक्रमात लागेल आणि दुसरी 'अवांतर वाचना'त जाईल, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण रॉलिन्सने त्या दोन बाजू एकाच तबकडीच्या केल्या होत्या. ज्याने निवेदन लिहिले त्यानेच कॉवर्ड वाजवला, आणि दोन्हीकडे आवाज तोच आहे. निषेध आणि करमणूक यांच्यात आपण जी भिंत घालतो ती त्याला दिसत नसावी असे नाही. ती त्याने मानली नाही.

असो. 'वे आउट वेस्ट' कानांत मुरल्यावर दुसरा मुक्काम 'अ नाइट अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड', ३ नोव्हेंबर १९५७. न्यूयॉर्कच्या त्या तळघरातले हे पहिले ध्वनिमुद्रण. पुन्हा पियानो नाही. रात्रीच्या खेळाला विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स; जॉन कोल्ट्रेनच्या संचात जाण्याआधीचा एल्विन. इथे विनोद आहे पण सौजन्य संपलेले आहे. 'सॉफ्टली, अ‍ॅज इन अ मॉर्निंग सनराइज' हे १९२८च्या एका ऑपेरेटातले गोडगोड गाणे. त्याच्याशी रॉलिन्स असा वागतो की पाहुण्याला बसायला सांगून खुर्ची काढून घ्यावी. हे पहिल्यांदाच ऐकणारा गोंधळतो. 'काउहँड'वरून आलेला गोंधळत नाही, त्याला खेळ ठाऊक झालेला असतो.

'टेनर मॅडनेस'ने आरंभ करणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. रॉलिन्स आणि कोल्ट्रेन ही दोन नावे एकत्र दिसतात म्हणून ती घेतली जाते, आणि कोल्ट्रेन तीत एकाच रचनेपुरता आहे. १९७२नंतरच्या तबकड्यांत बरेच नीरस आहे, हेही मान्य. पण त्यामुळे उत्तरायुष्यातला रॉलिन्स संपला असे म्हणणारे चुकतात, कारण तो स्टुडिओतून उठून रंगमंचावर गेला होता. १५ सप्टेंबर २००१ रोजी बॉस्टनमध्ये, जुळे मनोरे पडून चार दिवस झालेले असताना, त्या मनोऱ्यांजवळचे आपले घर सोडावे लागलेला हा एकाहत्तरीचा माणूस वाजवायला उभा राहिला. ते ध्वनिमुद्रण २००५ साली निघाले आणि त्याचे नाव आहे, पुन्हा एकदा, 'विदाउट अ सॉन्ग'.

हे सगळे झाल्यावर 'सॅक्सोफोन कलोसस' अवश्य घ्यावी. तीही सुरुवातीपासून लावू नये. पहिल्या बाजूवरचे 'सेंट थॉमस', त्याच्या आईच्या व्हर्जिन आयलंड्सकडच्या चालीवरचे, आपोआपच कानांवर पडत असते. आधी दुसरी बाजू लावावी. 'मोरिटाट' म्हणजे कुर्ट व्हाइलचे 'मॅक द नाइफ'. लुई आर्मस्ट्राँगने ते १९५५ साली गायिले आहे, ते आधी ऐकून ठेवावे. मग रॉलिन्सचे. मग, तबकडी न थांबवता, 'ब्लू ७'. शुलरचा लेख तोवर कपाटात राहू द्यावा.