पाचवा फाऊल

गेल्या हिवाळ्यात आमच्या जालना जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींचा बास्केटबॉलचा सामना पाहायला गेले होते. संघातल्या तिघी आमच्या किशोरी गटातून पुढे आलेल्या, म्हणून मुद्दाम गेले. शेवटच्या क्वार्टरमध्ये आमच्या दोघी पाच-पाच फाऊल होऊन बाहेर बसल्या. आमच्या फाऊलवर समोरच्या संघाला फ्री थ्रो मिळत गेले, गुण वाढत गेले. आमच्या मुलींना मिळालेले फ्री थ्रो मात्र एकामागून एक रिंगला लागून बाहेर पडले. सामना हरलो.

हरण्याचे एवढे वाईट वाटले नाही. मैदानाबाहेर जे ऐकू आले ते बोचले. "पोरींना कुठला खेळ, नुसत्या ओरबाडतात!" आणि महिन्याभरात कळले की, पुढच्या वर्षी मुलींचा संघ पाठवायचा का, याचा 'विचार' चालू आहे. असा विचार कुठे जाऊन थांबतो हे आपल्याला पाठ आहे.

मी खेळाडू नाही. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली, बचत गट आणि किशोरी गटांत काम करणारी बाई. मीही मुलींना आधी हेच म्हणाले, "अगं, जरा सांभाळून खेळा ना." त्यातली एक परतूरकडची मुलगी पटकन म्हणाली, "ताई, घरीपण हेच सांगतात." मी गप्प झाले. मग आम्ही नियमांचे पुस्तक घेऊन बसलो.

त्या पुस्तकात एक गोष्ट सापडली, ती प्रत्येक गटात वाचून दाखवावी अशी आहे. मैदानावर खेळाडू नियमाने जिथे उभी आहे ती जागा तिची. पायाखालची जमीनच नव्हे, तर सरळ वर उडी मारली तर डोक्यावरची हवासुद्धा तिची. हात वर करून ती आपल्या जागी उभी असेल आणि दुसरी येऊन धडकली, तर चूक धडकणारीची. आमच्या मुली काय करत होत्या? समोरची अंगावर आली की एक पाऊल मागे सरत होत्या. जागा सोडून देत होत्या. ती पुढे निघून गेली की मागून हात घालत होत्या. तो फाऊल. म्हणजे लोक म्हणतात तशा आमच्या मुली आक्रमक नाहीत. त्या आधी माघार घेतात, म्हणून त्यांचा फाऊल होतो! रस्त्यात, एसटीत, घरात अंग चोरून वागायला शिकवलेल्या मुलीला आपल्या जागेवर ठाम उभे राहणे एका हंगामात कसे यावे?

दुसरे कारण पायांचे. पाय थकले की खेळाडू हातांनी खेळू लागते. चार क्वार्टर, दहा-दहा मिनिटांचे. त्यातल्या एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाऊलवर समोरच्यांना दोन फ्री थ्रो. आमचे बहुतेक फाऊल शेवटच्या दहा मिनिटांतले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पहाटे उठून पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, उभ्याने एसटीतून यायचे आणि सर्वांत शेवटी उरलेले जेवायचे. शेवटच्या क्वार्टरमध्ये पळायला दम आणायचा कुठून?

आता फ्री थ्रो. बोर्डापासून ४.६ मीटरवरची रेघ, ३.०५ मीटर उंच रिंग, पाच सेकंद. कुणी आडवे येत नाही. सगळे थांबतात आणि एकटीकडे बघतात. हे येते फक्त घोटून. रोज शंभर वेळा चेंडू टाकला तर हाताला सवय लागते. आमच्या मुलींचा सराव कधी? संध्याकाळी मैदान मुलांचे. मुलींना मिळतो तो मधला तास, तोही डोळा शेवटच्या एसटीवर ठेवून. चेंडू दोन, मुली बारा. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली, तिचा अभिमान आहेच. पण भोकरदन-मंठ्याच्या मुलीला तिच्यासारखा घोटून सराव करायला रिकामा वेळ नावाची चीजच मिळत नाही.

आणि 'बायकी' खेळाला हसणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेचा विल्ट चेंबरलेन फ्री थ्रोमध्ये कच्चा होता. मग तो दोन्ही हातांनी खालून चेंडू टाकू लागला. २ मार्च १९६२ ला त्याने एका सामन्यात १०० गुण केले, त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो घातले. तरी पुढे त्याने ती पद्धत सोडली आणि पुन्हा चुकू लागला. कारण? खालून टाकताना आपण बायकी दिसतो असे त्याला वाटे, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. तिकडे त्या थ्रोला 'आजीबाईचा थ्रो' म्हणतात. हरलो तरी चालेल, पण बाईसारखे दिसायला नको! पुरुषप्रधानता पुरुषांचेही गुण खाते, ते असे.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात, "प्यायला पाणी नाही, सोळाव्या वर्षी लग्ने होतात, आणि तू चेंडू घेऊन काय बसलीस?" प्रश्न खरा आहे. त्याच पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. मराठवाड्यात हे प्रमाण जास्त आहे. पण संघातल्या एकीचे लग्न घरच्यांनी का थांबवले होते? "स्पर्धा होऊ द्या" म्हणून. पात्र खेळाडूंना राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, ही आशाही त्यामागे होती. संघ बंद झाला, तर त्या घरात मुलीकडे सांगायला कोणते कारण उरेल?

म्हणून आपल्या संघटनांनी आपापल्या तालुक्यातल्या महाविद्यालयांत जाऊन काही साध्या गोष्टी मागाव्यात. संध्याकाळचे मैदान आठवड्यातले निम्मे दिवस मुलींना. सरावाच्या आधी पोटभर खाणे. सरावानंतर घरी पोचवणारी एसटी. आणि वर्षातून एकदा मुलींच्या रक्ताची तपासणी. संघ पाठवायचा की नाही, हे ठरवणाऱ्या बैठकीत संघातल्या मुली हव्यात.

आमच्या गटात आता एक नवा खेळ सुरू आहे. मुली अंगणात रेघ ओढून उभ्या राहतात, समोरून दुसरी चालून येते आणि उभीने मागे सरायचे नाही. पहिल्या दिवशी सगळ्या हसत मागे सरल्या. आता बऱ्याचजणी थांबतात. परवा एकीची आई भिंतीशी उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मी येऊ का रेघेवर?"