दोन वेळा, ठरलेल्या वेळी

कुत्रा पाळणाऱ्या घरात एक वाद हमखास असतो. त्याला दिवसातून किती वेळा जेवू घालायचं? माझं मत सरळ आहे. मोठ्या, निरोगी कुत्र्याला दोनदा, ठरलेल्या वेळी, आणि एकाच माणसाने. पिल्लाचं पोट लहान, वाढ मात्र झपाट्याची. त्याला चौथ्या महिन्यापर्यंत चार वेळा, सहाव्यापर्यंत तीन वेळा, मग हळूहळू दोनवर आणावं. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याचं मात्र डॉक्टरांनाच विचारावं.

आपल्याकडे होतं काय, की घरातल्या प्रत्येकाचा जीव त्या एकट्यावर! आजी चहासोबत बिस्किट देते, नातू पोळीचा तुकडा, रविवारी कुणी सावजी रश्शातलं हाडूक. तो बिचारा नाही म्हणत नाही. त्यालाच आपण भूक समजतो. पण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात, मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, शिजलेलं हाडूक फुटून आतड्यात टोचतं. वजन वाढतं ते वेगळंच.

नागपुरात तर घड्याळ पाळायलाच हवं. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत एक जेवण सकाळी सहाच्या आत, दुसरं सूर्य बुडाल्यावर. दुपारी फक्त सावली आणि गार पाणी.

आता फाटकाबाहेरच्या कुत्र्यांचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना सार्वजनिक ठिकाणी खाऊ घालायला मनाई केली. घालायचंच असेल तर दत्तक घ्या, असं सांगितलं. दत्तकाच्या त्या अटीला नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी मग जागेसोबत वेळही ठरवायला सांगितली, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांची ये-जा लक्षात घेऊन. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक वॉर्डात खाऊ घालण्याच्या वेगळ्या जागा करा, रस्त्यावर कुठेही घालू नका, असा आदेश दिला.

मला हे पटतं. मनात येईल तेव्हा दारात शिळ्या पोळ्या टाकल्या की आपल्याला पुण्य केल्यासारखं वाटतं, पण त्या तुकड्यांवरून कुत्र्यांची भांडणं जुंपतात आणि सायकलवरून ट्यूशनला निघालेलं पोर मध्ये सापडतं. भूतदया करायची तर रोज, नेमल्या जागी, नेमल्या वेळी करा आणि नंतर जागा झाडून घ्या. हे जमणार नसेल, तर निदान दारात तुकडे टाकू नका.

असो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी एक करा. फ्रिजवर कागद चिकटवा : सकाळी कोण, संध्याकाळी कोण. बाकीच्यांनी फक्त लाड करायचे... हाताने!